कोणता हिरवा?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. वडशाच्या आमच्या घराला बारा वर्षांनी रंग द्यायचा बेत ठरला. घर तसे बेताचेच. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पडवी. पण रंगावरून घरात जो वाद झाला, तो एखाद्या ग्रामसभेला शोभला असता. सौभाग्यवतींचे म्हणणे, पडवीची भिंत पिवळी हवी. बाहेरून आलेल्या माणसाला घरात ऊन पडल्यासारखे वाटले पाहिजे. माझे म्हणणे, हिरवी हवी. मुलगा म्हणाला, "बाबांना विचारताच कशाला? त्यांची छत्री हिरवी, स्वेटर हिरवा, डायरीचा पुठ्ठासुद्धा हिरवा. त्यांनी दुसरा रंग मागितला तर डॉक्टरांकडे न्यावे लागेल!"

रंगारी बिचारा चहाची कपबशी हातात धरून आमचे भांडण ऐकत होता. शेवटी त्याने पिशवीतून रंगांचे कार्ड काढले, माझ्यासमोर उघडून धरले आणि म्हणाला, "साहेब, हिरवा म्हणता ते ठीक आहे. पण कोणता हिरवा?"

कार्डावर हिरव्या रंगाचेच पंचवीस-तीस चौकोन होते. पोपटी, शेवाळी, मेंदी, पिस्ता, आणि ज्यांना नावच नाही असे किती तरी. मी एकावर बोट ठेवले, उचलले, दुसऱ्यावर ठेवले. मग म्हणालो, "उद्या सांगतो."

घरचे हसले. मला मात्र त्या रात्री लवकर झोप आली नाही. कारण हाच प्रश्न मला पूर्वी एकदा एका धानाच्या बांधीच्या काठावर पडायला हवा होता. तेव्हा तो मला पडला नाही, आणि त्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच एका घराने मोजली.

मी मूळचा वऱ्हाडातला. अकोला जिल्ह्यातले आमचे खेडे. काळी, भेगाळणारी जमीन, कापूस आणि ज्वारी. ओलीत म्हणून काही नव्हते. आभाळातून पडेल तेच पाणी. उन्हाळ्यात आमच्या शिवारात हिरवे म्हणजे विहिरीजवळची निंबाची झाडे तेवढी. बाकी माती काळी आणि गवत करडे. मृगाचा पाऊस पडला की तिफण निघायची आणि पेरणी झाल्यावर घरातले बोलणे कमी व्हायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी वडील मला घेऊन शेतावर जायचे. धुऱ्यावर उकिडवे बसायचे, डोळ्यांवर हात धरून तिरप्या नजरेने पाहायचे. ज्वारीचा कोंब असा तिरपा पाहिला तरच ओळीने दिसतो. वरून पाहिला तर नुसती माती. वडील बराच वेळ पाहत आणि मग एकच शब्द बोलत, "आलं."

त्या एका शब्दात काय काय होते ते मोठेपणी समजले. बियाण्याची उधारी होती, दुबार पेरणीची धास्ती होती, माझ्या शाळेची फी होती. १९७२ चा दुष्काळ मला आठवत नाही, मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. पण आई सांगायची, त्या वर्षी शेतात हिरवे म्हणून काही उरले नाही आणि तिने हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहत दिवस काढले. अशा घरात वाढलेल्या पोराला हिरवा रंग का आवडतो हे निराळे सांगायला नको. माझ्या मनात एक हिशोब तेव्हाच पक्का बसला. जितके जास्त हिरवे, तितके जास्त चांगले.

पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात बी. एस्सी. ला गेलो. तिथे या रंगाचे शास्त्र कळले. पानात हरितद्रव्य असते. सूर्याच्या उजेडातला तांबडा आणि निळा भाग ते शोषून घेते, त्यावर पान आपले अन्न तयार करते. हिरवा भाग तेवढा बराचसा परत पाठवते. म्हणजे ज्या रंगावर आपण जीव टाकतो तो पानाने फारसा न वापरलेला उजेड असतो! या हरितद्रव्याच्या घडणीत नत्र लागते. म्हणून नत्र कमी पडले की पान पिवळे पडते आणि युरिया टाकला की आठवड्याभरात काळेभोर हिरवे होते. मी हे उत्तरपत्रिकेत नीट लिहिले आणि चांगले गुण मिळवले. माझ्या लहानपणच्या हिशोबाला आता पुस्तकाचाही आधार मिळाला.

१९९५ च्या जुलै महिन्यात कृषी सहायक म्हणून माझी नेमणूक वडशाला झाली. नागपूरहून एस. टी. ने निघालो. नागभीड गेले, ब्रह्मपुरी गेली, वैनगंगा ओलांडली आणि मी खिडकीला डोके लावून बसलो ते उतरेपर्यंत. वाचकहो, ज्याने जन्मभर कोरडवाहू शेत पाहिले त्याला रोवणीच्या दिवसांतली झाडीपट्टी काय वाटत असेल याची तुम्हांला कल्पना येणार नाही, कारण तुम्ही ती रोज पाहता. बांधीबांधीतून पाणी भरलेले, त्यात आभाळ उतरलेले. एका बाजूला पऱ्ह्यांची पोपटी चादर, दुसऱ्या बाजूला नुकतीच रोवलेली बांधी. पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभ्या असलेल्या बाया गाणे म्हणत मागे मागे सरकत होत्या आणि त्यांच्यासमोर हिरव्या काड्यांच्या ओळी उमटत होत्या. पलीकडे तलावाची पाळ आणि त्यामागे जंगलाची रेघ. मी त्या रात्री वडिलांना पत्र लिहिले, "इथे हिरव्याला काठ नाही."

पहिल्या वर्षी मी शिकलो ते इथल्या माणसांकडून. वऱ्हाडातला माणूस मी. मला पऱ्हे आणि रोवणी हे शब्दसुद्धा नवे. आवत्या म्हणजे काय, मामा तलाव म्हणजे कोणाच्या मामाचा तलाव नसून माजी मालगुजारी तलाव, हेही इथेच कळले. धान निघाल्यावर गावोगाव मंडई भरते, वडशाच्या नाटक मंडळ्या रात्र रात्र जागवतात आणि वर्षभर चिखलात राबणारी माणसे शालू, फेटे आणि नव्या चपला घालून नाटकाला बसतात, हे पाहून मी चकित झालो. सगळी चैन त्या धानावर होती. धान पिकला तर लग्न, धान पिकला तर नाटक, धान पिकला तर घरावर कौले.

दुसऱ्या वर्षी, १९९६ च्या खरिपात, माझ्याकडे धानाचे प्रात्यक्षिक आले. वडशापासून सायकलने पाऊण तासावरच्या एका गावात, एका कष्टाळू शेतकऱ्याच्या एक एकर बांधीत ते घ्यायचे ठरले. त्यांचे नाव सांगत नाही. मी त्यांना भाऊ म्हणत असे. भाऊंची जमीन तीन एकर. घरात भाऊ, वहिनी, लग्नाला आलेली मुलगी, शाळेत जाणारा मुलगा आणि भाऊंची म्हातारी आई. मुलीचे लग्न ठरलेले होते. धान निघाला की माघात बार उडवायचा असा बेत.

सुधारित धानाला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस. नत्र एकदम द्यायचे नाही. अर्धे रोवणीच्या वेळी, पाव भाग फुटवे येताना आणि पाव भाग लोंबी पोटात धरायच्या सुमारास. एकराला चाळीस किलो नत्र म्हणजे साधारण ८७ किलो युरिया. तेव्हाच्या ५० किलोच्या पोत्याने पावणेदोन पोती. हे सारे मला पाठ होते आणि पहिल्या दोन खेपा मी तशाच दिल्या. धान असा उठला की रस्त्याने जाणारा माणूस सायकल थांबवून पाहू लागला. शेजारच्या बांध्या पोपटी आणि आमची बांधी काळीभोर. वरून पाहणी करायला आलेले पाहुणे खूश झाले. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून शाबासकी दिली.

त्या शाबासकीने माझे डोके फिरले. ऑगस्ट संपत आला होता, धानाला काही कमी नव्हते. तरी मी भाऊंना म्हणालो, "अजून एक पोते टाका. आणि बाकीच्या दोन एकरांतही टाका, ते मागे का ठेवता?" भाऊंनी विचारले, "साहेब, लागते काय?" मी म्हणालो, "रंग बघा ना भाऊ! आणखी रंग येईल."

भाऊंची आई धुऱ्यावर बसली होती. गवताचा भारा बांधता बांधता तिने बांधीकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबू, हा हिरवा ढोराचा हाय. मानसाचा नाही."

मी हसलो. म्हातारीने काही तरी गमतीचे म्हटले असे मला वाटले. भाऊंनी उसनवारी करून युरिया आणला आणि टाकला. साहेबाचा शब्द होता.

सप्टेंबरच्या शेवटी ढगाळ हवा धरली. उकाडा होता, वारा नव्हता. मी धुऱ्यावरून पाहत होतो आणि मला सगळे हिरवेगार दिसत होते. आजूबाजूचा धान लोंबी टाकून किंचित पिवळसर व्हायला लागला तरी आमचा तसाच काळा. मला त्याचाही अभिमान वाटला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आणि वारा आला आणि अर्धी बांधी आडवी झाली. पाठोपाठ बांधीच्या मधोमध एक वाळलेला गोल दिसला, जणू कोणी तिथे शेकोटी केली होती. दोन दिवसांत असे पाच-सहा गोल झाले. मी चिखलात उतरलो, एक बुंधा दोन्ही हातांनी फाकवला आणि बघतच राहिलो. पाण्याच्या जरा वर, काडीला काडी लागून, तपकिरी तुडतुड्यांचा थर. फुंकर घातली तर पाण्यावर पसरले. वरून पान हिरवे आणि बुडाशी रस शोषणारी ही फौज. मी दीड महिना धुऱ्यावरून रंग बघत होतो. एकदाही वाकून बुंधा फाकवला नव्हता.

औषध मारले, पाणी काढून टाकले. पण उशीर झाला होता. ज्या एकरात पंधरा-सोळा क्विंटलची आशा होती तिथे पाच पोती निघाली, त्यातही फोल जास्त. बाकीच्या दोन एकरांची गत फार वेगळी नव्हती. तणीस मात्र भरपूर झाली. म्हातारी म्हणाली होती तसेच झाले. तो हिरवा ढोरांच्याच कामी आला.

मुलीचे लग्न त्या वर्षी झाले नाही.

मी भाऊंच्या घरी गेलो तो दिवस अजून विसरलो नाही. मळणी आटोपली होती. अंगणात पुंजणा असायचा त्या जागी मोकळी जमीन होती. मी काय बोलणार? "भाऊ, माझी चूक झाली," एवढे म्हणालो. भाऊंनी माझ्याकडे पाहिले नाही. घरात हाक मारली, "साहेबाले चाय आना." चहा त्या मुलीने आणला, जिचे लग्न माझ्यामुळे मोडण्याच्या बेतात आले होते. तो चहा घशाखाली उतरवणे मला फार जड गेले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या हिवाळ्यात मी रजा काढून सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात जाऊन बसलो. तिथल्या शास्त्रज्ञांनी मला कॉलेजात शिकलेल्या धड्याची उलटी बाजू समजावली. नत्र गरजेपेक्षा जास्त झाले की पान लुसलुशीत होते, काडी उंच पण मऊ होते. फुटव्यांची दाटी होऊन बुडाशी ऊन-वारा जात नाही, दमटपणा राहतो. तुडतुड्यांना आणखी काय हवे? करप्यालाही अशीच जागा फावते. झाडाचे बळ पानांत जाते, दाण्यात उतरत नाही. पीक पक्व व्हायला उशीर होतो. म्हणजे ज्या काळ्याभोर रंगावर मी खूश होतो तो पिकाच्या सुखाचा रंग नव्हताच.

परत आल्यावर मी आणखी एका गुरूकडे गेलो. भाऊंच्या आईकडे. तिला म्हणालो, "आजी, मला हिरवा शिकवा." ती आधी हसली. मग पुढच्या खरिपात ती शेतावर असली की मी सायकल टाकून तिच्याबरोबर बांधीत उतरायचो. तिला नत्र ठाऊक नव्हते, जस्त ठाऊक नव्हते. पण रंग वाचता येत होता. तिने डोळ्याने दाखवायचे आणि मी पुस्तकातले कारण जोडायचे असे आमचे चालले. त्या शिकवणीतले काही इथे देतो, कारण ते आजही तितकेच उपयोगी आहे.

रोवणीनंतर आठवडाभर धान पिवळसर दिसतो. मुळे तुटलेली असतात, ती पुन्हा धरायला वेळ लागतो. त्या पिवळ्याला घाबरून लगेच खत टाकू नये. पुढे सगळी बांधी फिकी दिसली आणि खालची जुनी पाने शेंड्याकडून पिवळी पडू लागली तर नत्र कमी आहे. पण खालची पाने हिरवी आणि वरची कोवळी पाने फिकी असतील तर दुखणे वेगळे. तिथे गंधक किंवा लोह कमी असू शकते आणि नुसता युरिया टाकून भागत नाही. रोवणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके आले आणि धान खुजा राहिला तर जस्ताची कमतरता पाहावी. पान कडेकडेने वाळत खाली उतरू लागले तर तो कडाकरपा. तेव्हा युरियाचे पोते बांधूनच ठेवावे. आणि सप्टेंबरपासून रंग कितीही छान असो, आठवड्यातून एकदा चार-पाच ठिकाणी बुंधा फाकवून बुडाशी पाहावे. रोवतानाच दर तीन मीटरवर एक फुटाचा पट्टा मोकळा सोडला तर आत वारा खेळतो आणि आपल्यालाही फिरता येते.

हे लिहिताना मला नदीपलीकडच्या एका माणसाची आठवण होते. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दीड एकर जमिनीचे धनी, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. ते धान त्यांनी इतरांत मिसळू दिले नाही. निराळे ठेवले, निराळे पेरले, वर्षामागून वर्षे वाढवले. त्यातूनच बारीक, चवीचा एच.एम.टी. तांदूळ निघाला. तेव्हा त्या नावाचे घड्याळ लोकांच्या मनगटावर मिरवत होते, म्हणून व्यापाऱ्याने धानालाही तेच नाव दिले. दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले. त्यांचा तांदूळ आजही आपल्या ताटात आहे. त्या बांधीच्या धुऱ्यावरून आणखी किती माणसे गेली असतील! तिघा लोंब्यांचा जरासा वेगळा रंग एकालाच दिसला, आणि तो पदवीधर नव्हता.

काही वर्षांनी आमच्या हाती पानाच्या रंगाचा तक्ता आला. फिलिपाइन्समध्ये भात संशोधनाची मोठी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने त्याचा प्रसार केला. मूळ कल्पना जपानमधली. प्लॅस्टिकची वीतभर पट्टी आणि तिच्यावर पिवळसर पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंत रंगांचे पट्टे. कुठे चार, कुठे सहा. सकाळी, उन्हाकडे पाठ करून, आपल्या सावलीत वरचे पूर्ण उघडलेले पान पट्टीवर ठेवायचे आणि कोणत्या पट्ट्याशी जुळते ते पाहायचे. अशी दहा झाडांची पाने पाहायची. सहा किंवा अधिक पाने ठरलेल्या पट्ट्यापेक्षा फिकी निघाली तरच नत्र द्यायचे, नाहीतर हात आवरायचा. रोवणीनंतर दोन आठवड्यांपासून निसवेपर्यंत दर सात ते दहा दिवसांनी असे पाहावे. पट्टा कोणता धरायचा ते जातीवर अवलंबून असते. ते कृषी खात्याला विचारून घ्यावे.

मी ती पट्टी पहिल्यांदा भाऊंच्या आईलाच दाखवायला नेली. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे गेली होती, एका डोळ्याचे मोतीबिंदू काढलेले. तिने पट्टीवरून बोट फिरवले, समोरच्या बांधीकडे पाहिले आणि म्हणाली, "हा. याच्यातला हा." मी चिखलात उतरून दहा पाने लावली. आठ पाने तिने बोट ठेवलेल्या पट्ट्याशीच जुळली. मी तसे सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग ह्या पट्टीले पैसे कायले देल्ले?" मी म्हणालो, "आजी, पट्टी तुमच्यासाठी नाही. माझ्यासारख्यांसाठी आहे."

आता राहिली मुलीच्या लग्नाची गोष्ट. पुढच्या वर्षी, १९९७ साली, भाऊंच्या तिन्ही एकरांत धान चांगला झाला. खत मोजून टाकले होते, बांधी शेजाऱ्यांच्या बांधीपेक्षा काही फार गडद दिसत नव्हती आणि कोणी सायकल थांबवून पाहिले नाही. लोंबी भरली, पान हळूहळू पिवळे पडले, पुंजणा अंगणात उभा राहिला. मुलाकडच्यांनी वर्षभर वाट पाहिली होती, हे त्यांचे मोठेपण. माघात लग्न झाले. भाऊ स्वतः वडशाला येऊन मला आमंत्रण देऊन गेले. मांडवात मुलगी आली ती कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून. मी आहेराचे पाकीट हातात घेऊन कोपऱ्यात उभा होतो. भाऊंनी मला हात धरून पुढे नेले आणि पाहुण्यांना सांगितले, "हे आमचे साहेब." एवढेच. मागल्या सालाबद्दल एक अक्षर नाही. माझे डोळे भरून आले, ते मी धुराचे निमित्त करून पुसले.

तर त्या रात्री हे सगळे आठवत पडलो होतो. सकाळी उठलो आणि स्कूटर काढून भाऊंच्या गावी गेलो. भाऊ आता थकले आहेत, शेती मुलगा पाहतो. म्हातारी जाऊन बरीच वर्षे झाली. हलका धान कापणीला आला होता आणि भारी धान नुकता रंग बदलू लागला होता. लोंब्या वाकलेल्या, दाणा पिवळा होत आलेला, पण वरचे पान अजून हिरवे. तसा निव्वळ हिरवा नव्हे; त्यात कुठून तरी पिवळे झिरपू लागलेले. म्हातारी एकदा अशाच दिवसांत म्हणाली होती, "बाबू, ज्या हिरव्याले येळेवर पिवळं होता येते, तो मानसाचा." मी मुलाला विचारून एक लोंबी पानासकट तोडली, डायरीत ठेवली आणि घरी आलो.

रंगारी पडवीत येऊन बसलाच होता. मी पान कार्डावर ठेवले, सरकवत सरकवत नेले आणि एका चौकोनापाशी थांबलो. "हा."

सौभाग्यवती वाकून पाहत म्हणाल्या, "अहो, हा तर पिवळाच की!"

मी म्हणालो, "हिरवाच आहे."

रंगारी दोघांकडे आळीपाळीने पाहून म्हणाला, "बाई बी खरं बोलते अन् साहेब बी. मी डबा आनतो."

शेतकरी बंधू-भगिनींनो, माझा आवडता रंग अजूनही हिरवाच आहे. पण आता कोणी पीक दाखवून "साहेब, कसा हिरवागार आहे!" म्हटले की मी आधी चपला काढतो आणि बांधीत उतरतो. तुम्हांला एवढीच विनंती. युरियाचे पोते २०१८ पासून ५० च्या जागी ४५ किलोचे झाले आहे, तेव्हा पोत्यांचा हिशोब नव्याने करा. मिश्र खत टाकले असेल तर त्यातले नत्र वजा करा. आणि शेजाऱ्याची बांधी आपल्यापेक्षा गडद दिसली म्हणून रात्री झोप मोडू नका. घरात एखादी म्हातारी आजी असेल, तर तिला हात धरून धुऱ्यावर न्या आणि विचारा, "कसा दिसतो?" ती काय म्हणते ते हसण्यावारी नेऊ नका.

भिंत रंगवून झाली आहे. ऑक्टोबरात धान पिकायला लागला की भिंत आणि बाहेरचे शिवार एकाच रंगाचे दिसतात. वडशाला आलात तर त्या दिवसांत चहाला या.